पाठ फिरवून ऐकणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

रविवारी निघताना मी दारात घुटमळले आणि शेवटी "येते" एवढंच म्हणाले. आणखी एक शब्द जरी काढला असता तरी रडू फुटलं असतं. आज चौथा दिवस. मनगटं अजून ठणकताहेत आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशी फोड आलाय. चार वर्षांनी ड्रम्सच्या स्टिक्स हातात धरल्यावर दुसरं काय होणार! पण मला तो फोड पुन्हा पुन्हा बघावासा वाटतोय.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण माझा पाणउतारा चारचौघांत झाला होता, म्हणून आभारही चारचौघांत.

ज्यांच्याकडे मी ड्रम्स शिकत होते त्यांचं नाव मी घेणार नाही. ते वादक म्हणून मोठे आहेत, हे आजही कबूल करते. पण लय किंचित पळाली की सगळ्यांचं वाजवणं थांबवायचं, मला उभं करायचं, बाकीच्यांना विचारायचं, "हिचं काय करायचं?" हा त्यांचा रिवाज होता. एकदा त्यांनी माझ्या हातातल्या स्टिक्स काढून घेतल्या आणि माझ्याहून लहान मुलाला माझ्या जागी बसवलं. मी उरलेला तास भिंतीशी उभी होते. तास संपल्यावर एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. मैत्रिणींनी नंतर समजूत घातली ती अशी, की "सर कडक आहेत म्हणून तर माणसं घडतात, तू 'व्हिपलॅश' बघ म्हणजे कळेल." विद्यार्थ्यांना छळणाऱ्या संगीतशिक्षकाचा तो सिनेमा, सरांचाही आवडता. त्यातली सिंबलची, म्हणजे ड्रम्सबरोबरच्या झांजेची, गोष्ट ते दर महिन्याला सांगायचे: पोरवयातला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर चुकला, ड्रमर जो जोन्सनं सिंबल उचलून त्याच्या डोक्यावर फेकली, डोकं थोडक्यात वाचलं, आणि म्हणूनच तो जग ज्याला 'बर्ड' म्हणतं तो थोर वादक झाला. ती सिंबल माझ्यासाठीच फेकली जातेय असं मला दर वेळी वाटायचं. बर्ड काही मी झाले नाही. मी घरी बसले.

तुमच्याकडे कशी आले, कुणी पाठवलं, ते राहू दे. तुम्ही कधीकाळी डबल बास, ते उभं धरायचं मोठं व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवायचात आणि आता जॅझवरचे सिनेमे दाखवता, एवढंच मला माहीत होतं. वाजवायला नव्हे, बघायला जायचंय, असं स्वतःला बजावून मी आले.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही क्लिंट ईस्टवूडचा 1988 चा, पार्करवरचा 'बर्ड' लावलात. फॉरेस्ट व्हिटेकरला त्या कामासाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला हे मी वाचलं होतं. त्यातला आवाज कसा तयार केला हे मात्र तुमच्याकडून कळलं. पार्करच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्याचा एकट्याचा सॅक्सोफोन वेगळा काढला आणि नव्या वादकांनी त्याच्याभोवती नव्यानं साथ केली. पार्कर गेला 1955 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी. म्हणजे जाऊन तीसहून जास्त वर्षं झालेल्या माणसाला साथ! तुम्ही म्हणालात, "विचार कर, तो आता कुणासाठी थांबणार नाही. लय यांनीच सांभाळायची." त्या साथीला बासवर रे ब्राउन होता, ज्यानं पार्करबरोबर तो हयात असतानाही वाजवलं होतं. हे सांगताना तुमचा आवाज जरा हलला. त्या सिनेमाला ध्वनीचं ऑस्कर मिळालं. मला वाटतं ते तंत्राइतकंच त्या सोबतीलाही मिळालं असावं.

त्याही सिनेमात सिंबल आहे. हवेत गरगरत येते, पुन्हा पुन्हा येते. ती आली तशी मी खुर्चीत आखडले, आणि तुम्ही ते पाहिलंत. सिनेमा न थांबवता हळूच म्हणालात, "पायाशी पडली होती ती."

नंतर चहा घेताना तुम्ही नीट सांगितलंत. 1936 च्या सुमाराची, कॅन्सस सिटीतली, रीनो क्लबमधली ती जॅम, म्हणजे उत्स्फूर्त वादनाची मैफल. पार्कर तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. तो भरकटला, जोन्सनं वाजवणं थांबवलं आणि सिंबल त्याच्या पायाशी जमिनीवर टाकली. मोठा खणखणाट झाला, लोक हसले. हे सांगितलं जीन रेमीनं, तो तिथे होता, आणि तो बासवादक. "बासवाला मागे उभा असतो, त्याला सगळं दिसतं," असं तुम्ही अभिमानानं म्हणालात. अपमान झालाच होता, तो तुम्ही कमी करून सांगितला नाहीत. पण डोकं उडवण्याची गोष्ट खरी नव्हती. माझ्या चार वर्षांच्या भीतीतला निम्मा भाग त्या एका वाक्यानं जमिनीवर उतरला.

आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते मला कुणीच, कधीच सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी पार्कर एका बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात उन्हाळाभर राहिला. बरोबर काउंट बेसीच्या बँडच्या रेकॉर्ड्स नेल्या आणि त्यातले सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो सूर न् सूर पाठ केले. एफर्ज वेअर नावाच्या गिटारवादकानं शेजारी बसून त्याला कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे मेळ, समजावल्या. परतला तेव्हा तो वेगळाच वादक होता. 'व्हिपलॅश'मधला शिक्षक फ्लेचर सिंबलची गोष्ट सांगतो, वर्षभराच्या रियाजाचं सांगतो, पण वेअरचं नाव त्याच्या तोंडी येत नाही. सिंबल फेकणारा साऱ्या जगाला माहीत आहे. शेजारी बसून शिकवणाऱ्याचं नाव मी या वयात पहिल्यांदा ऐकलं, आणि मला संताप आला. अजूनही येतोय.

'व्हिपलॅश' बघायला मी तयार नव्हते. तुम्ही आग्रह केला नाहीत. दोन आठवड्यांनी मीच म्हटलं, लावा. तुम्ही रिमोट माझ्या हातात दिलात. तो सिनेमा वाईट नाही, हे तुमच्यामुळेच मला मोकळेपणानं म्हणता येतंय. 2014 चा तो सिनेमा, त्याला तीन ऑस्कर मिळाली, त्यातलं एक संकलनाचं, आणि शेवटचं 'कॅरॅव्हान' या धुनेचं वादन बघताना माझेही तळहात घामेजले. पण तुम्ही मला शॉन केसीपाशी थांबायला लावलंत. फ्लेचर वर्गात त्याची रेकॉर्ड लावतो, डोळे पुसतो, आपला जुना विद्यार्थी मोटार अपघातात गेला म्हणून सांगतो. पुढे कळतं की त्या मुलानं गळफास घेतला होता, आणि मनाचं ते दुखणं फ्लेचरच्या हाताखाली असल्यापासूनचं होतं. "सिनेमानं हे सांगितलंय," तुम्ही म्हणालात, "लोकच विसरून जातात." माझ्या मैत्रिणी विसरल्या होत्या. सर तर नक्कीच विसरले होते. ज्या सिनेमाचा दाखला देऊन मला गप्प केलं जायचं, त्याच सिनेमात माझ्या बाजूनं एक मुलगा मरून पडला होता आणि तो कुणाला दिसला नव्हता.

आता रविवारकडे येते.

बर्त्रां ताव्हेर्निएचा 1986 चा 'राउंड मिडनाइट' तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवला होतात ना? डेक्स्टर गॉर्डन खरा टेनर सॅक्सोफोनवाला, साठी ओलांडलेला, दमलेला. तो डेल टर्नर नावाच्या वादकाची भूमिका करतो, आणि करतो म्हणजे काय, नुसता चालतो तरी लयीत चालतो. एकेका शब्दाआधी इतका थांबतो की आपण श्वास धरतो. वाजवणं मागाहून चिकटवलेलं नाही, सेटवरच वाजवून मुद्रित केलंय, त्यामुळे फुंकेतली धापही ऐकू येते. हर्बी हॅन्कॉकला संगीताचं ऑस्कर मिळालं, गॉर्डनला अभिनयाचं नामांकन. पॅरिसच्या क्लबमध्ये ड्रम्सवर बिली हिगिन्स. तुम्ही म्हणालात, "याला 'स्माइलिंग बिली' म्हणायचे. हसत वाजवायचा." मी पडद्याकडे बघत राहिले. वाजवताना हसायचं असतं हे मी विसरूनच गेले होते.

आणि तो फ्रान्सिस. खिशात पैसे नाहीत म्हणून भर पावसात क्लबबाहेर, रस्त्यालगतच्या झरोक्यापाशी उकिडवा बसून ऐकणारा. आतलं काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पुढे तोच डेलला घरी आणतो, सांभाळतो. तो काही देव नाही, स्वतःच्या लहान मुलीला रात्री घरी एकटं सोडून तो बाहेर पडतो, ते मला अजून खटकतं. पण ही गोष्ट मुळात खरी, फ्रान्सिस पॉद्रासनं पॅरिसमध्ये पियानोवादक बड पॉवेलची काळजी घेतली त्यावरून आलेली. आणि गॉर्डननं खुद्द पॉवेलबरोबर 1963 मध्ये पॅरिसमध्ये रेकॉर्ड केली होती, बासवर पिएर मिशलो. तोच मिशलो या सिनेमातही बास वाजवतोय! हे सांगताना तुम्ही खुर्चीतून उठलाच होतात.

सिनेमा संपला. तुम्ही दिवा लावला नाहीत. कोपऱ्यातल्या ड्रम्सवरची चादर मी इतके आठवडे पाहत होते आणि तुम्ही तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतंत. रविवारीही काढलं नाहीत. उठलात, चादर काढून घडी केलीत, स्टिक्स स्नेअर ड्रमवर ठेवल्यात. मग तुमची खुर्ची उचललीत, भिंतीकडे तोंड करून ठेवलीत आणि माझ्याकडे पाठ करून बसलात.

बस्स, एवढंच.

मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. तुम्ही मागे वळला नाहीत. खाकरलासुद्धा नाहीत. मी स्टुलावर बसले, हाय-हॅटची झांज हळूच दाबून पाहिली, आणि सुरू केलं. वाईट वाजवलं. लय पळाली, मग ओढली गेली, डावा हात तर जणू कुणा दुसऱ्याचाच होता. दोनदा थांबले. तुम्ही तिथेच, भिंतीकडे तोंड करून, झरोक्याबाहेर बसल्यासारखे. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तुमचा पाय हलताना दिसला. माझ्या ठेक्याबरोबर, माझ्या पळणाऱ्या, पडणाऱ्या ठेक्याबरोबर. बऱ्याच वेळानं तुम्ही तसेच, मागे न बघता, हात लांबवून बास जवळ ओढलात आणि दोन सूर धरलेत. दोनच. त्या दोन सुरांवर माझी लय येऊन बसली.

चार वर्षं मला प्रत्येक स्वप्नात डोळे दिसत होते, काका. माझ्यावर रोखलेले, चूक टिपायला बसलेले. तुम्ही ते डोळे खोलीतून काढून घेतलेत आणि फक्त कान ठेवलेत. शिकवणाऱ्याला हे सुचायला काय लागतं? फार मोठं संगीतज्ञान लागत नसावं, कारण ज्यांच्याकडे ते ढीगभर होतं त्यांना नाही सुचलं. समोरच्याला लाज वाटते आहे हे दिसावं लागतं, आणि दिसल्यावर त्या लाजेचा उपयोग करून घ्यायचा मोह न व्हावा लागतो. अशी माणसं असतात. पॉद्रास होता, वेअर होता. जॅझवरच्या सिनेमांना दारू, सुई, पाऊस, मोडलेली लग्नं फार प्रिय. शेजारी बसून कॉर्ड्स समजावणाऱ्यावर दोन तासांचा सिनेमा कुणी काढत नाही. काढला तर पहिली मी बघेन, तुमच्याशेजारी बसून.

तुमच्याकडे येणाऱ्या इतरांनाही, आणि जिथे जिथे कुणी मूल भिंतीशी उभं केलं गेलंय त्यालाही, मला एवढंच कळवायचंय की सिंबल पायाशी पडली होती.

रविवारी येते. ड्रम्सवर वाजवायचे ब्रश माझे माझे आणते, स्टिक्सनं फोडाला त्रास होतो. आणि काका, खुर्ची या वेळी इकडे वळवलीत तरी चालेल.

तुमची,
ड्रम्सवाली