शीड चढवणे आधी काठावर शिकवा

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या उन्हाळ्यात माझा नातू नागपुरातील एका तलावावर शिडाची होडी चालवायला शिकत होता. पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती सुकाणू आले. शीड मात्र शिक्षकांनी आधीच चढवून ठेवलेले असे. तिसऱ्या दिवशी मुलांनी स्वतः शीड चढवायला घेतले, तेव्हा एकाने शिडाच्या वरच्या टोकाला शॅकल (दोर शिडाला जोडणारी धातूची कडी) अडकवण्याआधीच दोर ओढला आणि शॅकलसह दोराचे टोक सरसर डोलकाठीच्या माथ्याशी जाऊन बसले. होडी आडवी करून ते खाली आणण्यात सकाळ गेली.

चूक त्या मुलाची नव्हती, कारण त्याला क्रमच कोणी सांगितला नव्हता. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे करायची, शिडाच्या खिशांत पट्ट्या सरकवायच्या, खालची कड बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) खाचेत ओवून पुढचा कोपरा डोलकाठीजवळ पिनेने अडकवायचा, मागचा बूमच्या टोकाकडे ताणायचा, आणि मगच एका हाताने पुढची कड डोलकाठीच्या खाचेत भरवत दुसऱ्या हाताने शीड वर ओढायचे. या वेळी बूमचा दोर पूर्ण सैल हवा. तो आवळलेला राहिला तर अर्धवट चढलेल्या शिडातच वारा भरतो आणि होडी कलंडते. पुढच्या कडेपासून आडव्या सुरकुत्या निघाल्या तर ताण कमी आहे, कडेलगत उभी घडी पडली तर तो जास्त आहे, हे मुलांना एकदा बोटाने दाखवले की पुरते.

अंबाझरी किंवा फुटाळ्यासारख्या तलावांवर काठची झाडे व इमारती यांमुळे वारा सारखा दिशा बदलतो आणि मे महिन्यात वळवाचे वादळ बघता बघता येते. अशा वेळी शीड झटकन उतरवावे लागते, आणि ज्याने ते स्वतः चढवलेले नाही त्याला कोणता दोर सोडायचा हेच सुचत नाही.

म्हणून शिबिरे घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पहिला संपूर्ण दिवस काठावर शीड चढवण्या-उतरवण्यासाठी द्यावा आणि त्यासाठी जागा निवडताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहावे, कारण ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी करून होडी तारांखालून नेणे जिवावर बेतू शकते.

आपला,
एक वाचक, नागपूर