हिरवा गुलाब बियांच्या पाकिटातून येत नाही

संपादकसाहेब, नमस्कार,

गेले काही महिने मोबाईलवर हिरव्या गुलाबाच्या बियांच्या जाहिराती फार यायला लागल्यात, पोपटी टपोरी फुलं दाखवतात आणि शंभर-दीडशेला पाकीट, आमच्या गल्लीतच तिघींनी मागवलं, एकीच्याही कुंडीत गुलाब आला नाही, एकीकडं तर नुसतं तण उगवलं. शेजारच्या काकू मला विचारत होत्या, "माझंच पाणी घालायचं चुकलं काय गं?" ते ऐकून फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र. काकूंचं काही चुकलं नव्हतं.

हिरवा गुलाब खराच असतो, माझ्याकडे शाहूपुरीत गच्चीवर नऊ वर्षं आहे. पण त्याला बी धरतच नाही हो! शाळेत शिकलो ना आपण, निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, तर या फुलात पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर सगळ्यांच्या जागी हिरवी निदलंच, म्हणजे कळीला बाहेरनं झाकणारी पानंच येतात, कडा बारीक करवतीसारख्या, मग बी येणार कुठनं? शास्त्रीय नाव रोझा चायनेन्सिस व्हिरिडिफ्लोरा, चिनी गुलाबातनंच निघालेला प्रकार. इंग्लंडात बेम्ब्रिज आणि हॅरिसन यांनी १८५६ मध्ये तो विक्रीला आणला, आणि तेव्हापासून आजपर्यंत काडीवरनं काडी, नाहीतर खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलम करून, असाच तो हातोहात पुढं आलाय. बाजारात गुच्छात गडद हिरवी फुलं दिसतात ती बहुतेक पांढरी फुलं रंगाच्या पाण्यात ठेवून केलेली असतात. सेंट पॅट्रिकसारखी हिरवट झाक असलेली पिवळ्या गुलाबाची जात आहे, पण तीसुद्धा रोप म्हणूनच घ्यायची, बियांतनं तशीच येत नाही.

आणि फोटोतल्यासारखं फूल येईल असंही मनात धरू नका. फूल लहान, दीड-दोन इंचाचं, जुनं होईल तसं तांबूस तपकिरी होतं. आमच्या सासूबाई पहिलं फूल बघून म्हणाल्या होत्या, झाडाला रोग पडलाय, उपटून टाक. गुलाबाचा वास नाही, जरासा मिऱ्यासारखा येतो, त्यामुळं देवाला ते कधी गेलं नाही, पण झाडावर दोन-तीन आठवडे टिकतं आणि फुलदाणीत पांढऱ्या निशिगंधाजवळ ठेवलं तर इतकं देखणं दिसतं की मला तरी लाल गुलाबापेक्षा तेच आवडतं.

आपल्याकडं त्याला जपायचं ते पावसात. आमचे दारातले जमिनीतले गुलाब २०१९ च्या महापुरात पाणी साचून सगळे कुजले, हा कुंडीत गच्चीवर होता म्हणून राहिला. नुसती काळी माती घालू नका, पाणी धरून ठेवते, मी लाल माती, जुनं शेणखत आणि जाड वाळू घालते, वर मूठभर निंबोळी पेंड. ऊन मात्र पाच-सहा तास पाहिजे. बाकी हायब्रीड गुलाबांइतके लाड याला लागत नाहीत. काडी पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका घ्यायचा आणि सावलीत ओलसर ठेवायची, महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मी लावलेल्या दहातल्या सहा-सात तरी जगतात.

माझ्या दोन मागण्या आहेत. अशा बियांच्या जाहिरातींबद्दल आपल्या पेपरात एखाद्या कृषी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडनं नीट लिहून घ्या, लोक छापलेल्यावर विश्वास ठेवतात. आणि कोल्हापुरात फुलांचं प्रदर्शन भरतं तिथं हिरव्या गुलाबाची एक कुंडी ठेवायला जागा मिळावी, म्हणजे खरं फूल कसं असतं ते लोकांना डोळ्यांनी बघता येईल. कुंडी मी स्वतः आणून ठेवीन. ऑक्टोबरात छाटणी केली की काड्या निघतात, त्यातल्या पहिल्या चार काकूंच्या, बाकीच्या प्रदर्शनाला येतील त्यांना देईन, पैसे नकोत.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर