चहा बंद करा म्हणणाऱ्यांनी गोळीचंही बोलावं

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातल्या चहानं मूल खुजं राहतं असा लेख आला. मथळा देणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. माझ्या भाचीला पाचवा महिना आहे. सकाळीच तिच्या सासूबाईंनी त्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पोरीचा चहा बंद. एकाएकी तोडल्यावर ती दुपारी डोकं धरून बसली, तर 'बघा, व्यसनच लागलंय' हेही तिलाच ऐकावं लागलं. म्हणणारे मामंजी स्वतः तिसरा कप घेऊन बसलेले.

चहातलं कॅफिन वारेतून बाळापर्यंत जातं, बाळाला ते पचवता येत नाही, शेवटच्या महिन्यांत आईच्या अंगातूनही ते फार सावकाश उतरतं. हे खरंच आहे, कोण नाही म्हणतंय? पण किती चालतं याचा एक आकडा लेखात नाही. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असं सर्वसाधारणपणे सांगतात. जागतिक आरोग्य संघटना ३०० च्या वर जाणाऱ्या बायकांना कमी करा म्हणते. घरच्या कपभर चहात ३० ते ५० मिलिग्रॅम. दोन वेळच्या चहानं पोरीनं काय पाप केलं? आणि लेखात ज्याचा आधार घेतलाय तो २०२२ चा अमेरिकी अभ्यास! आठव्या वर्षी उंचीत फरक दोनेक सेंटिमीटरचा, आणि ज्या गटात तो दिसला त्यातल्या बाया १९६० च्या दशकाच्या आसपास बाळंत झालेल्या. चहानंच असं झालं, असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. ते तुमच्या उपसंपादकानं म्हटलं.

चहाबद्दल बोलायचंच होतं तर लोहाच्या गोळीबद्दल बोलायचं. मी करवीर तालुक्यात आरोग्यसेविका होते. एका वाडीवरच्या बाईचं हिमोग्लोबिन काही केल्या चढेना. गोळी फेकून देत असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. घरी जाऊन विचारलं तर म्हणाली, "रोज घेतो की बाई. च्यासंगं गिळली की मळमळत न्हाई." रोज, न चुकता, चहाबरोबर! चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. नवरा मात्र सरकारी गोळ्याच बोगस म्हणून गावभर बोंबलत होता. मी म्हटलं, चहा पी बाई, पण गोळीच्या आगंमागं तास-दोन तास नको, आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. त्यावर सासू म्हणाली, लिंबानं बाळाला सर्दी होईल. झालं! सासूची समजूत घालण्यात माझी सगळी दुपार गेली. रक्त चढलं ते त्यानंतर.

देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत आहे. आईचं रक्त कमी तर बाळाचं वजन कमी. सरकार १८० दिवस गोळ्या फुकट देतं. त्या चहाबरोबर घेऊ नका ही एक ओळ तुमच्या अर्ध्या पानात मावली नाही.

हल्ली गुळाच्या चहाच्या गाड्यांवर 'गरोदर मातांसाठी उत्तम' असे फलक दिसतात. गूळ आपल्या कोल्हापूरचा, अभिमान मलाही आहे, पण त्यानं पत्तीतलं कॅफिन कमी होत नाही.

आणि लेखणी उचललीच आहे तर त्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्यांकडेही बघा. त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये, असं बाटलीवर छापणं बंधनकारक आहे. छापतात की, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत! राजारामपुरीत क्लास सुटला की आठवी-नववीची पोरं टपरीवर त्याच बाटल्या तोंडाला लावून उभी असतात, आणि दुकानदार विचारत नाही की आईबाप. पुढच्या पुरवणीत बाटलीवरची ती ओळ मराठीत छापा, कालच्या मथळ्याच्याच आकारात.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, कसबा बावडा, कोल्हापूर
(नाव छापू नये. भाचीला त्याच घरात नांदायचं आहे.)