तोक्योतल्या निशी-कासाईच्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता आणि "धाकटा जेवतो का आता नीट?" असं विचारता. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण लहान मुलांना घेऊन परदेशी निघालेली कितीतरी घरं आमच्यासारखीच धास्तावलेली असतात. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळावं, असं मनापासून वाटतं. नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

आपली ओळख तरी केवढी? माझ्या नवऱ्याच्या कॉलेजातल्या मित्राची तुम्ही थोरली बहीण, इतकीच. त्या ओळखीवर आम्ही तुम्हाला पहिला मेसेज केला. जपानच्या सहलीचं ठरल्यापासून घरी, सोसायटीत, ऑफिसात सगळे एकच विचारत होते, "एवढ्याशा पोरांना घेऊन? त्यांना काय आठवणार आहे त्यातलं?" मोठी पाच वर्षांची, धाकटा दीड. तुम्ही मात्र हे विचारलं नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, "धाकटा दुपारी किती वाजता झोपतो?"

एक वाजता, म्हटलं. तुम्ही लगेच हिशोब मांडलात. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे नाशिकची दुपारची एक ही तिथली साडेचार. सकाळी सातला उठणारं मूल सुरुवातीला साडेदहाशिवाय डोळे उघडणार नाही आणि रात्री एकपर्यंत टक्क जागं राहील. "पहिले काही दिवस सकाळचं काहीच ठरवू नका," असं सांगून तुम्ही आमच्या यादीतून हाकोने काढलंत, हिरोशिमा काढलंत. क्योतोच्या फुशिमी इनारी देवळातल्या लाल तोरणांखालच्या पायऱ्या बाबागाडी घेऊन चढायच्या नाहीत, हेही बजावलंत. यादी निम्मी झाली तेव्हा, खरं सांगते, मी थोडी हिरमुसले होते. पण त्या निम्म्या यादीमुळेच आमच्या मुलांना जपान मिळालं.

तुमच्या घराजवळच्या ग्योसेन बागेतलं ते छोटं प्राणिसंग्रहालय कुठल्याच यादीत नव्हतं. तिकीट नाही, गर्दी नाही, आणि मुलांना गिनीपिग मांडीवर घेऊन बसता येतं. मोठी तिथून हलायलाच तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी कासाई रिनकाईच्या मत्स्यालयात गेलो. तिथे प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं. त्या भल्यामोठ्या टाकीत गोल गोल फिरणारे ट्यूना पाहत धाकटा काचेला नाक लावून उभा राहिला. आजवर त्याला एका जागी इतका वेळ उभा मी पाहिला नव्हता.

क्योतोला जाताना मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने, म्हणजे तिथल्या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने, पुढे पाठवायला तुम्ही सांगितलंत. तोक्योच्या हॉटेलात दिलेल्या बॅगा दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात हजर. दोन पोरं, बाबागाडी आणि बॅगा असं सगळं ओढत स्टेशनातल्या लिफ्ट शोधणं ज्यांनी केलंय, त्यांना या सल्ल्याचं मोल वेगळं सांगायला नको. क्योतोला जाणाऱ्या शिनकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, अकराव्या डब्यात एक छोटी खोली असते, दिव्यांग प्रवाशांना तिची गरज नसेल तर कंडक्टरला विनंती करून तिथे बाळाला पाजता येतं, हे तर तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कधीच कळलं नसतं. आणि मेतकूट! "डबाभर मेतकूट आणा, बाकी मी बघते," म्हणालात. तिथल्या सूपात, रश्शात बहुतेक ठिकाणी दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो आणि आम्ही शाकाहारी. कोनबिनीतला, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला, साधा पांढरा भात गरम करून घ्यायचा आणि वर मेतकूट. मुलांची अर्धी जेवणं त्यावर निघाली.

पण हे सगळं एका बाजूला आणि क्योतोतली ती रात्र एका बाजूला.

संध्याकाळी कामो नदीतल्या दगडांवरून मोठीने उड्या मारल्या होत्या, धाकटा काठावर खिदळत होता. रात्री अकराच्या सुमारास त्याला पहिली उलटी झाली. मग दुसरी, तिसरी. अंग तापलेलं, थर्मामीटरवर एकोणचाळीस. घरी असतो तर आमच्या डॉक्टरांना फोन केला असता, सासूबाई शेजारी बसल्या असत्या. तिथे मला "उलटी" हा शब्दसुद्धा कोणाला सांगता येत नव्हता. नवऱ्याने तुम्हाला फोन लावला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्याच रिंगला तुम्ही उचललात.

तुम्ही घाबरला नाहीत, आणि आम्हाला "घाबरू नका" असंही म्हणाला नाहीत. त्याबद्दल तर मी तुमचे वेगळे आभार मानते. तुम्ही सरळ कामाला लागलात. जपानमध्ये आजारी मुलांच्या पालकांसाठी रात्री फोनवर सल्ला देणारी सरकारी सोय आहे, तिचा नंबर #८०००. पण तो फिरवला की ज्या प्रांतातून फोन केला त्याच प्रांतात लागतो, म्हणजे तुम्ही तोक्योतून लावून उपयोग नव्हता. आमच्या मोबाइलमध्ये नुसतं इंटरनेटचं सिम. मग तुम्ही रिसेप्शनवरच्या मुलाशी जपानीत बोललात, त्याने हॉटेलच्या फोनवरून तो नंबर लावला, आणि आम्ही आमचा मोबाइल स्पीकरवर टाकून त्या रिसीव्हरला चिकटवून धरला. पलीकडे एक नर्स, अलीकडे तुम्ही, मध्ये मी लेकराला खांद्यावर घेऊन उभी.

ती विचारायची, तुम्ही मराठीत सांगायचात, मी उत्तर द्यायचे. शेवटची शू कधी झाली? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? हाक मारली की बघतो का? पोट कडक लागतंय का? उलटीत हिरवं किंवा लाल काही दिसलं का? एकेका प्रश्नाबरोबर माझा श्वास जागेवर येत गेला, कारण प्रत्येकाचं उत्तर मला येत होतं. शेवटी ती म्हणाली की आत्ता धावपळ करायची गरज दिसत नाही, सकाळी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. पण तो मलूल पडला, हाकेला ओ देईना, झटका आला, तर वाट न बघता ११९ ला फोन करून अँब्युलन्स बोलवा. हे शेवटचं तुम्ही माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत.

नंतर ओएस-वन, म्हणजे तिथलं तयार मिळणारं जलसंजीवनीचं पाणी. "पोकारी हे खेळाडूंचं पेय नको, त्यात साखर जास्त. औषधांच्या दुकानातलं ओएस-वन हवं," असं सांगून तुम्ही रात्री उघडं असलेलं दुकान शोधून दिलंत. नवरा पळत जाऊन घेऊन आला. एका वेळी एकच चमचा, मग पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा एक चमचा. तुम्ही फोन ठेवला नाहीत. पहाटे तो झोपला तेव्हा तुमच्याकडेही उजाडत होतं आणि तुम्हाला ऑफिस होतं.

सकाळी दवाखान्यात आधी फोन तुम्हीच केलात. तापाचं मूल आहे, परदेशी आहे, विमा प्रवासाचा आहे, पैसे जागेवर पूर्ण भरतील, हे सगळं आम्ही पोहोचण्याआधी त्यांना माहीत होतं. लसीकरणाचं कार्ड बरोबर आणायला तुम्ही निघण्याआधीच सांगितलं होतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच मागितलं. तिथे दर आईकडे बाळाच्या लशी, वजन, उंची नोंदवलेली एक वही असते आणि ही पद्धत १९४० च्या दशकापासून चालत आलीय, हे मला नंतर तुमच्याकडूनच कळलं. उलटी थांबायला गुदमार्गाने द्यायचं औषध देतील, दचकू नका, तिकडे लहान मुलांना ते सर्रास देतात, असंही आधीच सांगून ठेवलंत. म्हणून मी दचकले नाही. पोटाचा संसर्ग होता. दुपारपर्यंत त्याने मऊ भात मागितला.

आमच्या माणसांपासून इतक्या लांब, एका अनोळखी शहरात, माझं मूल माझ्या खांद्यावर तापलेलं असताना मला बोलता येत होतं ते तुमच्यामुळे. ताई, हे मी विसरणार नाही. माझा मुलगा मोठा झाला की त्यालाही सांगेन, कारण त्याला स्वतःला खरंच काही आठवणार नाही.

परदेशात राहणारी आपली माणसं पाहुण्यांना विमानतळावर घ्यायला येतात, जेवायला बोलावतात, आणि तेही मोठंच आहे. तुम्ही मात्र आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या मुलांचा विचार करत होतात. सर्दीच्या औषधांत स्यूडोएफेड्रिन किती आहे ते बघून घ्या, प्रमाण जास्त असेल तर जपानमध्ये आणायला बंदी आहे, इथपर्यंत. नोकरी, घर, स्वतःची दोन मुलं सांभाळून हे सगळं तुम्ही केव्हा केलंत, कोण जाणे.

मार्चअखेर तुमच्या मुलांच्या शाळेला सुट्टी असते, तेव्हा नाशिकला या. द्राक्षांचे दिवस असतात आणि ती तिकडे नेता येत नाहीत, म्हणून इथेच बसून खायला हवीत. सासूबाईंनी तुमच्यासाठी मेतकूट करायचं ठरवलंय, चकलीची भाजणीही भाजून देते म्हणाल्यात. किती किलो हवी तेवढं कळवा.

तुमची,
नाशिकहून, दोन्ही पोरांची आई