बाबांना काढलेली वेणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अठ्ठावीस वर्षे बालवाडीत शिकवले. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी प्रतापनगरच्या घरी आसपासच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. गेल्या उन्हाळ्यात एक पाच वर्षांची मुलगी बर्डीवरून आणलेल्या नव्या पुस्तकात काळ्या स्केचपेनने काहीतरी गिरवत बसली होती. मी आधी रागावले, मग पान पाहिले. ‘माझे घर’ या चित्रातल्या बाबांच्या मिशा तिने खोडल्या होत्या आणि पाठीवर कमरेपर्यंत वेणी काढली होती. म्हणाली, “ही माय.”

तिला दोघी वाढवतात. दत्तक आहे. एकीला ती आई म्हणते, दुसरीला माय. कागदावर मात्र आई एकच. एकट्या बाईला मूल दत्तक घेता येते. जोडप्याने घ्यायचे तर दोन वर्षांचा स्थिर संसार हवा, तोही लग्नाचा, आणि दोन बायकांचे लग्न आपला कायदा मानत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा दत्तकाचा नियम तसाच ठेवला. तापात रात्रभर उशाशी बसणारी माय कायद्याने त्या पोरीची कोणीच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पण गोष्टीच्या पुस्तकाला तर कोणी अडवलेले नाही! पॅट्रिशिया पोलाको यांचे ‘इन अवर मदर्स हाऊस’ अमेरिकेत २००९ साली निघाले. दोन आया, तीन दत्तक मुले, आणि त्यांच्याशी तुसडेपणाने वागणारी एक शेजारीण. मी ते मुलांना मराठीत सांगत सांगत वाचले. दोन आया का, असे एकानेही विचारले नाही. शेजारीण अशी का वागते, हे मात्र चौघांनी विचारले. एका शाळेला मी तेच पुस्तक भेट दिले, तर ‘मुलांच्या डोक्यात नको ते भरते’ म्हणून परत आले. त्यात स्वयंपाक आहे, सण आहेत, आजारपण आहे. नको ते कोणते, ते अजून मला कोणी सांगितलेले नाही.

आणि विदर्भाला रक्तापलीकडचे घर नवे आहे का? वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर बेवारस दिव्यांग मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या घरात आई कुठे, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मराठी प्रकाशकांना आणि चित्रकारांना माझी कळकळीची विनंती आहे. दत्तक मुलीचे, दोन आयांचे एक साधे चित्रपुस्तक करा. समजावून सांगणारे नको. शाळेला उशीर होतो, डबा सांडतो, वेणी कोण घालणार यावरून भांडण होते, असे. कच्चा मसुदा असला तरी माझ्या रविवारच्या मुलांपुढे वाचायला मी तयार आहे. मुले कुठल्या पानावर चुळबुळ करू लागतात, ते मी नक्की सांगेन.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर