पटावरची अडतीस नावे: आमच्या रात्रशाळेच्या भाऊंना आभारपत्र

तीर्थस्वरूप भाऊ,

शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या १८ जानेवारीला, रविवारी, परळच्या आपल्या शाळेत आम्ही जमलो तेव्हा शाल-श्रीफळाचे ताट पुढे येताच आपण ते हातानेच थांबवले आणि "सत्कार करायचा तर लांबून आलेल्यांचा करा" असे म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलात. आपला शब्द मोडायचा नाही म्हणून त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. परंतु आपण आमच्यासाठी जे केलेत ते त्या वर्गाबाहेर कुणालाच ठाऊक नाही, ही गोष्ट मनाला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपले नाव त्यात घातलेले नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही. आणि त्या काळी ज्यांनी आपल्या हातून दाखला घेतला, त्यांना 'भाऊ' म्हणजे कोण हे सांगावे लागणार नाही.

आमची शाळा संध्याकाळी साडेसहाला भरत असे. पहिली पाळी करून आलेले बदली कामगार, छापखान्यात खिळे जुळवणारी माझ्यासारखी मुले, खाणावळीचे डबे पोहोचवणारे, वाण्याच्या दुकानात राबणारे, असे पंधरापासून अठ्ठावीस वर्षांपर्यंतच्या वयाचे आम्ही ३८ जण १९८१-८२ साली दहावीच्या पटावर होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बोर्डाची परीक्षा जेमतेम दोन महिन्यांवर आली होती. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते, आणि तो इतका लांबेल असे आमच्या चाळीत कुणाच्या स्वप्नातही नव्हते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. होळीच्या आत भोंगा पुन्हा वाजेल, असे ते रोज म्हणत. पण फेब्रुवारी उजाडला तशी वाण्याची उधारी बंद झाली, खोलीचे भाडे थकले आणि एकेक कुटुंब रात्रीच्या एस.टी.ने गावची वाट धरू लागले. कुणी निरोप घेऊन गेले नाही. आज बाकावर असलेला मुलगा उद्या दिसत नसे, आणि तो कुठे गेला हे विचारण्याचीही गरज वाटेनाशी झाली. मार्चमध्ये परीक्षेला बसलो तेव्हा आम्ही एकवीस जण उरलो होतो.

त्यानंतर संप कधीच औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही आणि गावी गेलेल्या त्या सतरा जणांपैकी कुणीही वर्गात परतले नाही. आम्ही उरलेले नोकरीला लागलो आणि डोंबिवली, विरार, बदलापूर अशी घरे घेत पांगलो. पाच वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने व्हॉट्सॲपवर गट केला. त्यात चौदा जण होते, चौदाही जण परीक्षेला बसलेले. एकत्र जमायचे ठरले तेव्हा आमच्या मनात तेवढेच होते की एखादे सभागृह घ्यावे, जेवण सांगावे आणि आपणाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावे. त्या आमंत्रणासाठी आम्ही तिघे आपल्या घरी आलो. आपण यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर सारून ती डोळ्यांजवळ नेली, दोनदा वाचली आणि विचारलेत, "ही निकालाची यादी झाली. पट कुठे आहे?"

भाऊ, त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही ते आठवले की मान खाली जाते. चार दशके आम्ही 'आमची बॅच' म्हणत होतो, आणि त्या शब्दातून सतरा माणसे आम्ही केव्हा वगळली ते आमचे आम्हालाही कळले नव्हते.

मग आपण आत जाऊन ती वही आणलीत. कापडी पाठीची, लांबट, कडा काळवंडलेली. १९८२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा सुटल्यावर, म्हणजे रात्री साडेनऊनंतर, परीक्षेची हॉल तिकिटे खिशात घेऊन आपण लालबाग, परळ, शिवडीच्या चाळी पालथ्या घातल्या होत्या. खोलीला कुलूप दिसले की शेजाऱ्याला विचारून गाव, पोस्ट, तालुका या वहीत टिपून ठेवायचे आणि घरी येऊन गावच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचे, की परीक्षेला येता येत असेल तर राहण्याची सोय करतो. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसण्याची माहितीही आपण त्याच पत्त्यांवर पाठवली होती. यातले काहीही आपल्या कामाचा भाग नव्हते. आपण लेखनिक होतात, दिवसाच्या शाळेचे काम उरकून रात्री आमचे काम करत होतात. निळ्या शाईतल्या त्या नोंदींच्या कडेला पुढे पेन्सिलीने बारीक अक्षरे पडलेली आम्ही पाहिली. 'स्टँडसमोर मामाचे दुकान.' 'धाकटा भाऊ मुंबईत, भायखळा मार्केट.' निवृत्तीनंतरही आपण ती वही बंद केली नव्हती.

पुढचे दीड वर्ष आम्ही त्या वहीच्या आधाराने हिंडलो, आणि आपल्या सूचना नसत्या तर पहिल्या महिन्यातच हरलो असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मस्थळाचा रकाना असतो. आम्ही तेच गाव समजून निघालो होतो. आपण थांबवलेत आणि समजावलेत की आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, तेव्हा ते गाव बहुधा आजोळ असणार. तिथे मामाचे घर शोधा, तो पुढचा रस्ता सांगेल. पाटण तालुक्यातला माझा बाकसोबती आम्हाला अगदी याच वाटेने सापडला. रजिस्टरात 'जिल्हा रत्नागिरी' लिहिलेली कणकवली-मालवणकडची गावे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्गात गेली, हेही आपणच लक्षात आणून दिलेत. आणि कोकणात जायचे तर गौरी-गणपतीतच जा, असे बजावलेत, कारण एरवी कुलूप असलेली घरे त्या दिवसांत उघडी असतात, चाकरमानी आलेले असतात. आमच्या वर्गात तीन मुली होत्या. त्यांतली एक संपात गावी गेली, तिथेच तिचे लग्न झाले आणि नाव-आडनाव दोन्ही बदलले, त्यामुळे कागदावरून तिचा माग लागणे अशक्य होते. लांजा तालुक्यातल्या तिच्या माहेरी गौरीच्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा ती गौरीला वाहायची ओवशाची सुपे मांडत होती. आम्ही कोण हे तिच्या भावाने सांगताच तिने हातातले सूप खाली ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला तो आपल्याबद्दल. "भाऊंचं कार्ड आलं होतं," ती म्हणाली, "पण वडिलांनी मला दाखवलं नाही. लग्नानंतर आईच्या पेटीत मिळालं."

या सगळ्या शोधात ३८ पैकी २९ जणांचा ठावठिकाणा लागला. त्यांतले सात जण आता हयात नाहीत. त्यांच्याही घरी आम्ही जाऊन आलो, तेही आपल्याच सांगण्यावरून. उरलेल्या बावीस जणांपैकी १८ जानेवारीला एकोणीस आले. संपाच्या दिवसाची तारीख आपण सुचवलीत तेव्हा काहींना ती अशुभ वाटली होती. पण रात्रीच्या गाडीने आलेला आमचा आजऱ्याचा मित्र वर्गाच्या दारात म्हणाला की याच तारखेने आपल्याला इथून नेले होते, तेव्हा परत यायला हीच तारीख बरी. मग कुणाच्याच मनात किंतु राहिला नाही.

मला ज्या एका गोष्टीसाठी आपले आभार मानायचे आहेत, ती त्या दिवशी दुपारी घडली. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढून टेबलावर ठेवले होते आणि जो तो आपली ओळ शोधत होता. माझा पाटणचा बाकसोबती मात्र जवळ येईना. आग्रह केला तेव्हा हळूच म्हणाला की त्यात काय लिहिलेले असणार ते मला ठाऊक आहे, नाव कापलेले असणार. चव्वेचाळीस वर्षे तो असे धरून चालला होता की शाळेने त्याला काढून टाकले. मुलांच्या लग्नात शिक्षण विचारले की तो 'नववी' सांगत आला. मी त्याचा हात धरून पान उलटले. अशा वेळी 'सतत गैरहजर, नाव कमी केले' असे लिहिण्याची रीत असते. त्याच्या ओळीत, शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात, आपल्या हस्ताक्षरात लिहिले होते, 'गिरणी संपामुळे कुटुंबासह गावी.' आणि वर्तणुकीपुढे, 'उत्तम.' त्याने बोट ठेवून ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली, आणि मागच्या बाकावर बसलेल्या आपल्याकडे पाहिले. आपण तेव्हा कुणाशी तरी बोलत होतात, आपल्या लक्षात आले नसेल. सतराही जणांच्या ओळीत तेच कारण आहे. मी एकेक तपासून पाहिली.

भाऊ, आपण ते लिहिले तेव्हा ती पाने पुन्हा कुणी उघडेल याची कसलीही खात्री नव्हती. तरी आपण खरे तेच लिहिलेत, आणि त्यामुळे माझा मित्र त्या संध्याकाळी सर्वांबरोबर पहिल्या रांगेत फोटोला उभा राहिला. या उपकाराची फेड आमच्याच्याने होणार नाही. मी मनापासून आणि आम्हा सर्वांच्या वतीने आपले आभार मानतो. आपल्याबरोबर काही रात्री चाळीचे जिने चढणाऱ्या, आणि एरवी आपण दारात येईपर्यंत जेवण झाकून ठेवून जाग्या राहणाऱ्या वहिनींचेही.

नऊ नावे अजून राहिली आहेत. त्यांतल्या एकापुढे आपल्या वहीत फक्त 'शिरगाव' एवढेच आहे. रत्नागिरीजवळचे शिरगाव झाले, चिपळूण तालुक्यातले झाले. येत्या गौरी-गणपतीत आम्ही तिघे देवगड तालुक्यातल्या शिरगावी जाणार आहोत. वही बरोबर न्यावी की त्या पानाची झेरॉक्स पुरेल, तेवढे कळवावे.

आपला आज्ञाधारक,
हजेरी क्रमांक २३,
इयत्ता दहावी, १९८१-८२