डॉक्टर मॅडम, दार लोटण्याआधी तुम्ही विचारलंत

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की माझा आवाज चिडल्यासारखा येतो, हे तुम्ही ऐकलेलं आहे. म्हणून लिहितो आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण तुमच्याआधी ज्यांनी मला तपासलं त्यांच्यापैकी कुणाच्या नजरेस हे पडलं तर बरंच.

मला कोंडून ठेवलं होतं त्या काळाबद्दल इथे काही सांगणार नाही. सुटून आलो, वजन भरलं, झोपही थोडीफार लागू लागली. घरच्यांना वाटलं, संपलं एकदाचं. पण मी पूर्वी घोळक्यात रमणारा, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारा. आता मित्रांचे फोन उचलेनासा झालो. कुणी चांगलं वागलं की पहिला विचार, याला काय हवंय? पाठीमागे कुणी उभं राहिलं की अंग ताठ. माझी मुलगी खोलीत येण्याआधी बाहेरूनच खोकायला शिकली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका तज्ज्ञांनी फाइलमधून डोकं वर न काढता निकाल दिला, "स्वभावच संशयी दिसतोय." बायको म्हणाली, हे आधी असे नव्हते हो. त्यावर उत्तर आलं, "तुम्हाला आधी कळलं नसेल." दुसऱ्यांनी रजेचं किंवा नुकसानभरपाईचं काही प्रकरण चालू आहे का, ते दोनदा विचारलं. नातेवाइकांचं पालुपद तर ठरलेलं, "आता विसर." जसं काही मी रोज सकाळी उठून मुद्दाम आठवत बसतो.

मग तुमच्याकडे आलो. बाहेर गडबड होती, बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. खुर्चीतून उठण्याआधी तुम्ही म्हणालात, "मी आता उठून दार लोटणार आहे. लोटू का? कडी लावत नाही." मी नको म्हणालो. तुम्ही "बरं" म्हणालात आणि बसून राहिलात. आवाज तेवढा जरा चढवलात.

दार कधी उघडायचं आणि कधी लागायचं हे त्या दिवसांत दुसरेच ठरवत. मी नको म्हटल्याने काही थांबत नसे. सुटल्यावरही डॉक्टरांच्या खोल्यांमध्ये दार आधी लागायचं, विचारपूस मागाहून. तुमच्याकडे मी नको म्हणालो आणि दार उघडंच राहिलं. कारण विचारलं नाहीत. चेहऱ्यावर दया आणली नाहीत, वहीत लगेच काही टिपलंही नाहीत. त्या दिवशी बाकी काय बोललो ते मला आठवत नाही. घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं की बाईंनी दार उघडं ठेवलं. तिला त्यात सगळं कळलं.

अजूनही कपाटाकडे जायचं असलं तरी तुम्ही आधी सांगता. माझ्या मागून जात नाही. याला किती वेळ लागतो? एक वाक्य. इतकी वर्षं ते एक वाक्य कुणाला परवडलं नव्हतं!

पुढे तुम्ही जुनी हकिकत सांगितलीत. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांमधून वाचलेली माणसं पश्चिम जर्मनीत भरपाई मागायला गेली, तेव्हा अनेक तज्ज्ञांनी त्यांनाही हेच ऐकवलं होतं. मनाच्या धक्क्यातून माणूस सावरतोच. नाही सावरला तर त्याची मूळ घडणच तशी, नाहीतर पैशासाठी चाललेलं सोंग. १९५८ मध्ये उलरिश व्हेन्त्सलाफ या मनोविकारतज्ज्ञाने मांडलं की अनुभवानेही व्यक्तिमत्त्व कायमचं बदलतं. नॉर्वेत अशा लोकांचा अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ लेओ आयटिंगर तर स्वतः आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांच्यावर जर सोंगाचा आळ येतो, तर माझी काय कथा. पण ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतली एफ६२.० ही, भयंकर अनुभवानंतर व्यक्तिमत्त्व कायमचं बदलण्याची नोंदही तुम्हीच दाखवलीत. जगाकडे वैराने किंवा अविश्वासाने पाहणं, माणसांपासून तुटणं, पोकळी, कायम धोका समोर असल्यासारखा ताण, परकेपणा. आणि हे सगळं किमान दोन वर्षं टिकलेलं. आमच्या घरातलं कुणीतरी लिहून गेल्यासारखं होतं ते. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ही वेगळी नोंद नाही, आता माझ्यासारख्यांना बहुधा कॉम्प्लेक्स पीटीएसडीमध्ये, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या अधिक गुंतागुंतीच्या प्रकारात धरतात, असंही तुम्ही म्हणालात. क्रमांक बदलला त्याचं मला फारसं सोयरसुतक नाही. बायकोला मात्र तो कागद हवा होता. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला आहे, कोण कधी "मुळातच तसा" म्हणेल सांगता येत नाही.

आणखी एक. पूर्वीचा मी परत येईन, असं वचन तुम्ही दिलं नाहीत. आधी सुरक्षित वाटू दे, घडलेलं उकरायची घाई नको, म्हणालात. त्यामुळे जे थोडं बदललं आहे ते माझं मला खरं वाटतं. हल्ली एका मित्राचा फोन उचलतो. एकाचाच.

तुमच्यामुळे दुसऱ्या माणसांकडेही लक्ष जाऊ लागलं. दिवा घालवण्याआधी विचारणारे, दारावर टकटक करून उत्तराची वाट पाहणारे, गर्दीत "जरा मागून जातो हं" म्हणणारे लोक असतात. त्यांनी कुठे प्रशिक्षण घेतलेलं नसतं. मोठमोठ्या पाट्या लावून बसलेल्यांना मात्र हे जमत नाही, याचं नवल वाटतं.

तुमच्या हाताखाली शिकणाऱ्यांना माझं उदाहरण द्यायचं असेल तर खुशाल द्या, नाव तेवढं घेऊ नका. आणि पुढच्या भेटीत हे पत्र वाचलंत म्हणून सांगू नका. मला अवघडल्यासारखं होईल आणि मी पुन्हा चिडल्यासारखा बोलेन.

आपला,
तुमचा एक रुग्ण